नोंदणीकृत जेवणाचे शहर

महाराष्ट्रातून निघणाऱ्या इटलीच्या सहलींचा मार्ग बहुधा ठरलेला असतो : रोममध्ये कलोसियम, पिसात कललेला मनोरा आणि तो तळहाताने तोलून धरल्याचे छायाचित्र, फ्लोरेन्समध्ये पुतळे, व्हेनिसमध्ये होडी. यांपैकी फ्लोरेन्सहून व्हेनिसकडे जाणारा महामार्ग बोलोन्या या शहराला अगदी खेटून जातो. परंतु त्या वेळी प्रवाशांवर दुपारच्या जेवणाची गुंगी चढलेली असल्यामुळे, किंवा मागच्या बाकांवर भाकरवडीचे पुडे फिरत असल्यामुळे, ज्या गावाला खुद्द इटालियन लोक खाण्याच्या बाबतीत वडीलकीचा मान देतात ते गाव खिडकीबाहेरून निघून गेल्याची दखल बसमध्ये सहसा कोणी घेत नाही. इटलीत जाऊन चार गोष्टी पाहण्यापेक्षा चार गोष्टी खाव्यात, असे ज्याला मनापासून वाटते, त्याने येथे उतरणे इष्ट. मात्र उतरण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवावे, की या गावात पानात पडणाऱ्या प्रमुख पदार्थांची कागदपत्रे रीतसर तयार आहेत आणि ती पाहण्याची मागणी कोणी केली नाही, तरी ती ऐकविण्याची तयारी गावकऱ्यांकडे कायम असते.

बोलोन्याला तीन बिरुदे पूर्वापार चिकटलेली आहेत : विदुषी, लठ्ठ आणि तांबडी. विदुषी यासाठी, की येथील विद्यापीठाची स्थापना १०८८ साली झाल्याचे मानले जाते आणि युरोपातील सर्वांत जुने विद्यापीठ म्हणून त्याची ख्याती आहे. मध्ययुगात रोमन कायद्याचा विसरलेला अभ्यास येथेच पुन्हा सुरू झाला आणि अर्ध्या युरोपातील वकील घडविण्याचे श्रेय, किंवा दोष, या शहराकडे गेला. तांबडी हे बिरुद मुळात विटांच्या भिंती आणि कौलांवरून आले असले, तरी दुसऱ्या महायुद्धानंतर कित्येक दशके नगरपालिकेवर कम्युनिस्टांची सत्ता राहिल्यामुळे त्याला आयताच दुसरा अर्थ मिळाला. उरले लठ्ठ. अन्य कोणत्याही गावाने हे विशेषण कुजबुजीतच राहू दिले असते. बोलोन्याने मात्र ते पदवीसारखे नावापुढे लावले आहे, कारण अंडी, लोणी, चीज आणि डुकराचे मांस यांच्या बळावर मिळवलेली ही पदवी विद्यापीठातील कोणत्याही पदवीपेक्षा अधिक लोकांनी अधिक निष्ठेने संपादन केलेली आहे.

ही तीन बिरुदे मार्गदर्शक पुस्तकांत वेगवेगळ्या परिच्छेदांत सांगण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात विदुषी आणि लठ्ठ यांची चूल एकच आहे. नऊशे वर्षे कायदा शिकविणाऱ्या गावात, एखादा पदार्थ कसा करावा याविषयी वाद उपस्थित झाला, तर निकालासाठी आजीकडे जाण्याऐवजी नोटरीकडे जाण्याची कल्पना सुचणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. चौदाव्या शतकातील ‘पालाझ्झो देल्ला मेर्कांझिया’ या भव्य वास्तूत शहराच्या चेंबर ऑफ कॉमर्सचे कार्यालय आहे आणि तेथे सातबाऱ्यावर नाव चढवावे तशा गंभीरपणे पाककृती दाखल केल्या जातात. १९७२ साली ताल्यातेल्ले, १९७४ साली तोर्तेल्लिनी, १९८२ साली रागू, २००३ साली हिरवे लाझान्ये आणि २००४ साली बोलोन्याची कटलेट, असा या दप्तराचा विस्तार होत गेला. या नोंदी मोडणाऱ्यास शिक्षा करण्याची तरतूद नाही. त्यामुळे घरोघरी त्या आदराने सांगितल्या जातात आणि तितक्याच निश्चिंतपणे मोडल्या जातात.

ताल्यातेल्ले म्हणजे अंड्यात भिजवलेल्या गव्हाच्या पिठाची मोठी पातळ पोळी लाटून, ती गुंडाळून, सुरीने कापलेल्या लांब पट्ट्या. १६ एप्रिल १९७२ रोजी दाखल झालेल्या दस्तानुसार शिजल्यानंतर या पट्टीची रुंदी आठ मिलिमीटर असली पाहिजे. परंतु मिलिमीटर हे परके, फ्रेंचांनी बसविलेले माप असल्यामुळे, स्थानिक अस्मितेला साजेसा पर्यायही तेथेच नमूद आहे : शहराच्या मध्यभागी उभ्या असलेल्या अझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा बारा हजार दोनशे सत्तरावा भाग. मनोऱ्याची उंची ९७.२ मीटर धरून ज्याला भागाकार करण्याची हौस असेल, त्याच्या हाती सुमारे ७.९२ मिलिमीटर येतील. उरलेल्या ०.०८ मिलिमीटरचा प्रश्न जेवणाच्या टेबलावर उपस्थित करू नये. मीटरचे मूळ माप म्हणून पॅरिसमध्ये प्लॅटिनमची पट्टी जपली गेली. बोलोन्याने त्याच इतमामाने ताल्यातेल्लेची सोन्याची प्रतिकृती घडवून पेटीत ठेवली आहे. पट्टीच्या जाडीबद्दल मात्र दस्त इतका कडक नाही, आणि खरे कसब तर जाडीतच असते. कायद्याची अशी रीत विधिज्ञांच्या गावाला नवीन नसावी.

मापाचा आधार म्हणून निवडलेला हा मनोरा स्वतः किंचित कललेला आहे, आणि त्याच्या शेजारचा गारिझेंदा हा बुटका मनोरा तर इतका कललेला आहे, की दांतेने आपल्या महाकाव्यात त्याचा उल्लेख केला. २०२३ च्या ऑक्टोबरात गारिझेंदाच्या हालचालीविषयी चिंता वाटू लागल्याने त्याच्याभोवतीचा परिसर बंद करण्यात आला आणि अझिनेल्लीच्या ४९८ पायऱ्या चढून वर जाणेही थांबले. पदवी मिळण्यापूर्वी जो विद्यार्थी हा मनोरा चढेल तो कधीच पदवीधर होणार नाही, अशी जुनी समजूत असल्यामुळे विद्यार्थ्यांनी या बंदीचे दुःख फारसे केले नसावे. शेवयांचे प्रमाणमाप मोडकळीस आलेल्या शेजाऱ्याच्या छायेत सापडले, ही गोष्ट अधिक चिंताजनक होय.

ताल्यातेल्लेच्या जन्माची कथाही पर्यटकाला हमखास ऐकावी लागते. १४८७ साली आन्निबाले बेन्तिवोल्यो या राजपुत्राचा लुक्रेझिया देस्ते हिच्याशी विवाह झाला. नववधूचे सोनेरी केस पाहून दरबारच्या आचाऱ्याला स्फूर्ती झाली आणि त्याने पिठाच्या पोळीतून तशाच सोनेरी बटा कापल्या, अशी ही कथा आहे. विवाह खरा आहे, वधू खरी आहे, केसांविषयी तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु आचाऱ्याची स्फूर्ती आउगुस्तो मायानी या बोलोन्याच्याच विनोदी लेखकाने १९३१ साली रचली होती. इतिहासकारांनी हे वारंवार दाखवून दिले, तरी कथेच्या प्रकृतीवर काही परिणाम झालेला नाही. विनोदी लेखकाचे लेखन इतक्या निष्ठेने खरे मानले जाण्याचे भाग्य अन्यत्र क्वचितच कोणाला लाभले असेल.

या पट्ट्यांवर जे वाढले जाते ते रागू. खिमा बेताच्या आचेवर दोन-तीन तास शिजवून, अंगाबरोबर रस ठेवून केलेला हा पदार्थ जगभर ‘बोलोनीज’ या नावाने पसरला. १७ ऑक्टोबर १९८२ रोजी ‘अकादेमिया इतालियाना देल्ला कुचिना’ या पाकसंस्कृतीला वाहिलेल्या संस्थेने त्याची कृती दप्तरी दाखल केली. तीत गोमांसाचा खिमा, पान्चेत्ता म्हणजे डुकराच्या पोटाचे मिठात मुरवलेले मांस, कांदा, गाजर, सेलरी, थोडी वाइन, रंग येण्यापुरता टोमॅटो आणि दूध एवढा संसार आहे. मसाल्याच्या नावाने मीठ आणि मिरी. मराठी वाचकाची नजर या यादीवरून दोनदा फिरेल आणि दोन्ही वेळा तिला लसूण सापडणार नाही. ही नजरचूक नव्हे. २० एप्रिल २०२३ रोजी ही कृती सुधारून पुन्हा दाखल झाली, तेव्हा काय चालेल याबरोबरच काय मुळीच चालणार नाही याचीही यादी जोडण्यात आली, आणि त्या निषिद्ध वस्तूंमध्ये लसूण आहे, रोझमेरी आहे, कोथिंबिरीची इटालियन चुलत बहीण असलेली पार्सली आहे, धुरी दिलेला पान्चेत्ता आहे, वासराचे मांस आहे आणि दाटपणासाठी घातलेले पीठही आहे. लसणाला मज्जाव आणि दुधाला मानाचे पान, हे मांसाहाराचे शास्त्र कोल्हापूरच्या माणसाला पचणे कठीण. मांसाबरोबर दूध म्हणजे विरुद्ध आहार, अशी शिकवण ज्या घरांत आहे, त्या घरांतील माणसाला तर ते ऐकणेही कठीण. वस्तुस्थिती अशी आहे, की मंद आचेवर दूध आटत जाते, टोमॅटोचा आणि वाइनचा आंबटपणा मवाळ होतो, आणि दोन तासांनी दुधाचा पुरावा शोधूनही सापडत नाही.

येथे एक अडचण उद्भवते. बोलोन्याच्या या पदार्थाची छापील कृती ज्याने जगापुढे ठेवली, त्या पेल्लेग्रिनो आर्तूझीचे काय करावे? रेशमाच्या व्यापारातून निवृत्त झालेल्या या गृहस्थाने १८९१ साली फ्लोरेन्समध्ये पदरमोड करून पाकशास्त्राचे एक पुस्तक छापले, आणि आधुनिक इटालियन घरगुती स्वयंपाकाचा आद्य ग्रंथ म्हणून ते आजही घरोघरी असते. त्यातील बोलोन्याच्या पद्धतीच्या माकरोनीत वासराचे मांस आहे, चिमूटभर पीठ आहे, टोमॅटोचा मागमूस नाही, आणि ज्या शेवयांवर हे सारे घालायचे त्या ताल्यातेल्ले नसून ‘घोड्याचे दात’ या नावाच्या जाड नळ्या आहेत. म्हणजे २०२३ च्या यादीतील दोन निषिद्ध वस्तू १८९१ च्या मूळ पुरुषाने स्वहस्ते घातलेल्या दिसतात. परंपरा इतकी प्राचीन असते, की तिच्या जुन्या प्रती पाहण्याची कोणाला सवड नसते.

रागूचे जगभर झालेले कल्याण मात्र बोलोन्याला सहन होत नाही. लंडनपासून मुंबईपर्यंत ज्याला ‘स्पगेटी बोलोनीज’ म्हणतात तो पदार्थ बोलोन्याच्या परंपरेत बसत नाही, कारण स्पगेटी ही दक्षिणेकडील कठीण गव्हाची, वाळवलेली, गुळगुळीत दोरी. तिच्यावर रागू ठरत नाही, घसरून ताटलीच्या तळाशी जातो आणि शेवटी चमच्याने खावा लागतो. लाकडी फळीवर लाकडी लाटण्याने लाटलेली ताल्यातेल्ले खरखरीत असते, म्हणून ती रागूला धरून ठेवते. २०१९ साली शहराचे तत्कालीन महापौर विर्जिनियो मेरोला यांनी जगभर विकल्या जाणाऱ्या स्पगेटी बोलोनीजची छायाचित्रे पाठविण्याचे आवाहन नागरिकांना केले आणि हा पदार्थ म्हणजे खोटी बातमी असल्याचे जाहीर केले. छायाचित्रे भरपूर आली. पर्यटकांच्या गर्दीच्या चौकांतील काही उपाहारगृहांच्या फलकांवरही हा पदार्थ निमूटपणे नांदतो. जो मागेल त्याला तो मिळतो, आणि मागणाऱ्याविषयी स्वयंपाकघरात काय बोलले जाते हे त्याला इटालियन येत नसल्यामुळे कळत नाही. त्यातही गंमत अशी, की बोलोन्याच्या घरांत उपवासाच्या दिवशी डबाबंद ट्यूना मासा आणि टोमॅटो घालून स्पगेटी खरोखरच केली जाते. पण ती जगाला माहीत नाही, आणि जी जगाला माहीत आहे ती घरात नाही.

आता तोर्तेल्लिनी. हा पदार्थ नीट पाहायचा असेल तर ताटलीपाशी थांबून भागत नाही. शहरातील एखाद्या ‘स्फोल्या’ विकणाऱ्या दुकानाच्या काचेपाशी सकाळी जाऊन उभे राहावे. स्फोल्या म्हणजे लाटलेली पोळी आणि ती लाटणारी बाई म्हणजे स्फोलीना. शंभर ग्रॅम पिठाला एक अंडे, पाण्याचा थेंब नाही, असे पीठ मळून थोडा वेळ झाकून ठेवतात. मग जवळजवळ हातभर लांबीच्या लाटण्याने ती बाई पोळीला पुढे ढकलते, लाटण्यावर गुंडाळते, तळव्यांनी बाहेरच्या दिशेने ताणते आणि चतकोर वळवून पुन्हा उलगडते. पोळी फळीच्या कडेवरून खाली लोंबू लागते, आणि लोंबणाऱ्या भागाचे वजनच उरलेल्या भागाला ताणण्याचे काम करते. पोळी उजेडात धरली असता तिच्यातून पलीकडच्या टेकडीवरील सान लुकाचे देऊळ दिसले पाहिजे, असे म्हणतात. ती कापून तीन-चार सेंटिमीटरचे चौकोन होतात. प्रत्येकावर वाटाण्याएवढे सारण, चौकोनाचा त्रिकोण, त्रिकोणाची दोन टोके करंगळीभोवती गुंडाळून चिमटीत दाबली, की तोर्तेल्लिनो तयार. हे सर्व बोलता बोलता, खाली न पाहता चालते. चमच्यात जितके जास्त मावतील तितकी करणारीची कीर्ती मोठी, आणि ते जरा मोठे झाले तर सासूबाईंचे मत काय पडेल हे सांगण्यासाठी इटालियन भाषा येण्याची आवश्यकता नाही.

सारणाची कृती ७ डिसेंबर १९७४ रोजी नोंदविली गेली, आणि ती दाखल करणाऱ्या मंडळाचे नाव ‘तोर्तेल्लिनोचा विद्वान बंधुसंघ’ असे आहे. विदुषी आणि लठ्ठ यांच्या एकत्र चुलीविषयी वर जे विधान केले, त्याला याहून चांगला पुरावा मिळणे कठीण. डुकराच्या पाठीचे मांस, प्रोशुत्तो म्हणजे मिठात मुरवून हवेवर वाळवलेली मांडी, आणि मोर्तादेल्ला हे तिन्ही सारख्या वजनाने, त्याहून जास्त पार्मिजानो चीज, अंडी आणि जायफळ. जायफळ श्रीखंडात किंवा पुरणात घालण्याची सवय असलेल्या जिभेला ते मांसात भेटल्यावर क्षणभर घरचे माणूस परक्या लग्नात दिसल्याचा भास होतो. हे तोर्तेल्लिनी कोंबड्याच्या, शक्यतो खच्ची करून पोसलेल्या कोंबड्याच्या, स्वच्छ रश्शात शिजवून त्याच रश्शासह वाढतात. साय घालून केलेला प्रकारही बोलोन्यात सर्रास मिळतो आणि तो खाणारा प्रत्येक बोलोन्यावासी, हा आपण खरे तर खायला नको, असे सांगतच तो खातो.

कागदपत्रे झाली, परंतु तोर्तेल्लिनोच्या जन्मस्थानाचा निकाल अद्याप लागलेला नाही, कारण प्रतिवादी शेजारचे मोदेना शहर आहे. या दोन शहरांचे वैर जुने. १३२५ साली झाप्पोलिनोच्या लढाईत मोदेनाने बोलोन्याचा पराभव केला आणि विजयचिन्ह म्हणून विहिरीवरची एक लाकडी बादली पळवून नेली. पुढे अलेस्सांद्रो तास्सोनी या मोदेनाच्या कवीने त्या बादलीवर विनोदी महाकाव्य रचले आणि बादली मोदेनाने अजून परत केलेली नाही. तोर्तेल्लिनोच्या कथेनुसार या दोन शहरांच्या मध्ये असलेल्या कास्तेलफ्रांको गावातील खानावळीत व्हीनस देवी मुक्कामाला आली, खानावळवाल्याने किल्लीच्या भोकातून डोकावून पाहिले, त्याला नेमकी तिची बेंबी दिसली, आणि तो धावत स्वयंपाकघरात जाऊन पिठात तोच आकार वळू लागला. आजच्या काळात अशा खानावळवाल्यावर गुन्हा नोंदविला जाईल. कास्तेलफ्रांकोने मात्र त्याचा डोकावणारा पुतळा उभारला. हे गाव पूर्वी बोलोन्या प्रांतात होते आणि १९२९ साली प्रशासकीय फेरबदलात मोदेना प्रांतात गेले. त्यामुळे बेंबी नेमकी कोणाच्या हद्दीत मोडते, याचे उत्तर आपण कोणत्या सालातून प्रश्न विचारतो यावर अवलंबून राहते.

सारणाचा प्रश्न राष्ट्रीय राजकारणातही जाऊन आला. ४ ऑक्टोबर हा शहराचा संरक्षक संत पेत्रोनियो याचा उत्सव. २०१९ साली त्या दिवशी नेहमीच्या तोर्तेल्लिनींबरोबरच, डुकराचे मांस न खाणाऱ्या लोकांसाठी कोंबडीचे सारण भरलेले ‘स्वागताचे तोर्तेल्लिनी’ वाटण्याची कल्पना पुढे आली. नुकतेच गृहमंत्रिपद सोडलेले मात्तेओ साल्विनी यांना यात इटालियन संस्कृतीवर आघात दिसला, वर्तमानपत्रांना आठवडाभराचा मजकूर मिळाला, आणि करंगळीएवढ्या पदार्थाने पक्षोपपक्षांना कामाला लावले. वादात कोणी आर्तूझीचे पुस्तक उघडले असते, तर त्याच्या बोलोन्याच्या तोर्तेल्लिनीत डुकराच्या पाठीच्या मांसाऐवजी बैलाच्या हाडातील मगज आढळला असता, आणि मग प्रकरण कोणत्या थराला गेले असते हे सांगवत नाही.

तोर्तेल्लिनोच्या पोटात शिरलेला मोर्तादेल्ला स्वतंत्रपणेही खाण्यासारखा आहे, आणि तो खाण्याची जागा म्हणजे मुख्य चौकालगतचा ‘क्वाद्रिलातेरो’ हा जुन्या बाजाराचा भाग, जेथील गल्ल्या अजूनही सोनार, कापडवाले, जुने मासळीवाले यांच्या नावाने ओळखल्या जातात. मोर्तादेल्ला म्हणजे गंधाइतके बारीक वाटलेले डुकराचे मांस, त्यात त्याच जनावराच्या गळ्याच्या चरबीचे पांढरे चौकोनी तुकडे, मिरी आणि कधी पिस्ते, हे सारे आवरणात भरून गरम हवेच्या भट्टीत सावकाश शिजवलेले. लोडाएवढा गुलाबी ठोकळा यंत्रावर चढतो आणि त्याच्या कागदासारख्या चकत्या पडतात, किंवा मग अंगठ्याएवढे चौकोन कापून देतात. १६६१ साली पोपचा प्रतिनिधी असलेल्या कार्डिनल फार्नेझेने त्याच्या निर्मितीविषयी हुकूमनामा काढला, म्हणजे येथेही कागद आला. १९९८ साली युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा मात्र ‘मोर्तादेल्ला बोलोन्या’ या नावाने माल तयार करण्याची मुभा उत्तरेतील पिएमोन्तेपासून रोमच्या लात्सिओ प्रांतापर्यंत देण्यात आली. शेवईच्या रुंदीत दशांश मिलिमीटरचा हट्ट धरणाऱ्या गावाने या ठिकाणी शेकडो किलोमीटर सोडून दिले, यावरून कारखानदारांची बाजू विद्वान बंधुसंघापेक्षा जड असते हे उघड होते. अमेरिकेने तर डुकरांच्या साथीच्या भीतीने इटलीचा मोर्तादेल्ला कित्येक वर्षे देशात येऊच दिला नाही. १९७१ साली मारियो मोनिचेल्ली यांनी याच विषयावर चित्रपट काढला. त्यात सोफिया लॉरेन भला मोठा मोर्तादेल्ला घेऊन न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरते, आणि कस्टम्सवाले तिला आत सोडायला तयार असतात, मोर्तादेल्लाला नाही. लोणच्याच्या बरणीसाठी परदेशी विमानतळावर हुज्जत घातलेल्या कोणत्याही मराठी माणसाला या चित्रपटाचे कथानक वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

याच बाजारातील एका अरुंद गल्लीत ‘ओस्तेरिया देल सोले’ नावाचा मद्यगृहाचा जुना गाळा आहे, ज्याचा उल्लेख १४६५ पासून मिळतो. येथे फक्त पेय विकतात. खाणे ज्याचे त्याने आणायचे. गिऱ्हाइके शेजारच्या दुकानांतून मोर्तादेल्ला, चीज आणि पाव कागदात बांधून घेऊन येतात, लांबलचक बाकांवर पसरतात आणि पिन्योलेत्तो ही स्थानिक फसफसणारी पांढरी वाइन मागवितात. ‘बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई आहे’ ही पाटी वाचत लहानाचे मोठे झालेल्या मराठी माणसाला येथे प्रथम संशय येतो, मग आनंद होतो, आणि मग आपण डबा आणला नाही याची हळहळ वाटते.

येथवर वाचत आलेल्या शाकाहारी वाचकाचा धीर सुटला असल्यास ते समजण्यासारखे आहे. बोलोन्यात शाकाहार म्हणजे मांसाचा तुकडा नजरेस न पडणे, अशी ढोबळ समजूत असते. नुसता कांदा आणि टोमॅटो तासन्‌तास शिजवून केलेला ‘फ्रिज्जोने’ हा पदार्थ वाचायला सात्त्विक वाटतो, पण परंपरेने तो डुकराच्या चरबीत होतो. ‘क्रेशेंतीना’ ही फुगलेली तळणी पाहून पुरीची आठवण झाली, तरी तिचे तळण कशातले आहे हे विचारल्यावाचून हात लावू नये. आणि पार्मिजानो चीज दूध विरजण्यासाठी वासराच्या जठरातील रेनेट वापरूनच करावे, असा नियम असल्यामुळे काटेकोर शाकाहाऱ्यासाठी तेही बाद. ज्याला चीज चालते त्याच्यासाठी मात्र ‘तोर्तेल्लोनी’ आहेत : तोर्तेल्लिनीचे थोरले भाऊ, पोटात रिकोत्ता हे ताजे मऊ चीज, अंगावर लोणी आणि सेजची कुरकुरीत पाने. पदार्थाच्या नावातील एका स्वरावर जेवणाचा धर्म अवलंबून असल्यामुळे वेटरला नाव दोनदा, सावकाश सांगावे. अंडे चालणाऱ्याने ‘तोर्ता दि रिझो’ सोडू नये. दूध, तांदूळ, साखर, बदाम आणि अंडी यांचा हा केक शंकरपाळ्याच्या आकारात कापून देतात, आणि पूर्वी तो दर दहा वर्षांनी प्रत्येक पॅरिशमध्ये पाळीपाळीने येणाऱ्या उत्सवात, रस्त्यावरून जाणारी मिरवणूक पाहायला घरी आलेल्या पाहुण्यांसाठी केला जाई. सुदैवाने आता दहा वर्षे थांबावे लागत नाही. बेकरीत रोज मिळतो.

बिल आल्यावर त्यात ‘कोपेर्तो’ या नावाखाली माणशी दोन-तीन युरो लावलेले दिसतात. हा टेबलावर बसल्याचा, कापडाचा आणि न मागता आलेल्या पावाचा आकार असून तो फसवणुकीचा प्रकार नाही. पाव खाल्ला नाही हा बचाव चालत नाही, म्हणून पाव खावा आणि ताटलीतील उरलेला रागू त्यानेच पुसून घ्यावा, जे शिष्टसंमत नसले तरी सर्वमान्य आहे. त्यानंतर कॉफीचा प्रश्न येतो. जेवणानंतर येथे फक्त काळी, घोटभर कॉफी पितात. सकाळी अकराच्या पुढे, आणि त्यातही भरपेट जेवणावर, दुधाळ कापुचिनो मागितली तर ती मिळते, पण वेटर चिंतेने विचारतो की खरोखर आत्ताच हवी का, कारण मांसावर दूध पोटाला जड जाते असा येथील लोकांचा दृढ विश्वास आहे. नुकत्याच संपविलेल्या रागूत पेलाभर दूध होते आणि तसा नोटरीसमक्ष केलेला दस्त चार गल्ल्या पलीकडे पडून आहे, हे त्याला सांगून पाहायला हरकत नाही. तो खांदे उडवितो आणि काळी कॉफी आणून ठेवतो.